घराजवळचा शरद

‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे अधिक पाहिले आहेत,’ असे आपण मराठीत म्हणतो. अनुभव मोजायचा तो पावसाळ्यांनी. आयुष्य मोजताना मात्र आपली परंपरा शरदाकडे वळते आणि शंभर शरद जगण्याचा आशीर्वाद देते. मला वाटते, यामागे साधा व्यवहार असावा. पावसाळ्यातले ताप, पडझड आणि ओल निभावून ज्याने आश्विनातले निरभ्र आकाश पाहिले, त्याच्या पदरात ते वर्ष पडले. याच शरदाला वैद्यांची आई असेही म्हटले जाते, कारण या दिवसांत रोगी वाढतात आणि वैद्यांचे घर चालते. दीर्घायुष्याचा आशीर्वाद आणि आजाराची धास्ती अशा दोन्ही गोष्टी एकाच ऋतूच्या वाट्याला आल्या आहेत. या पंधरवड्यात आपण त्यातील पहिल्या गोष्टीकडे, म्हणजे शरद डोळे भरून पाहण्याकडे वळू. तो घराजवळूनच पाहायचा आहे आणि जमल्यास हातातील मोबाइलने टिपायचाही आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. शरद म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे लाल-केशरी पानांचे डोंगर उभे राहतात. अमेरिकेत राहणारी मुले-नातवंडे ऑक्टोबरात मेपलच्या झाडांची छायाचित्रे पाठवतात आणि इथे बसून ती पाहताना आपल्या खिडकीबाहेर काहीच नाही, असे वाटू लागते. तिकडे दिवस लहान आणि थंड होऊ लागले की पानांतील हरितद्रव्य विरते. त्याखाली दडलेला पिवळा रंग उघडा पडतो आणि काही झाडे तर पान गळण्यापूर्वी लाल रंग नव्याने तयार करतात. आपल्याकडे या दिवसांत झाडे हिरवीच असतात. आपली पानगळ शिशिरातली. देशी बदामाची पाने तांबडीलाल होऊन अंगणात पडतात, तीही साधारण त्याच सुमारास. आपल्या शरदाची शोभा निराळी आहे. ती पानांत कमी आणि गवतात, जमिनीवर पडलेल्या फुलांत, धुतल्या आकाशात व तिरप्या उन्हात अधिक आहे. ती मान वर करून पाहण्याची नाही, खाली आणि जवळ पाहण्याची आहे. थकलेल्या गुडघ्यांना व मानेला ती अधिक सोयीची आहे, ही आणखी एक जमेची बाजू.

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून पडले, हाड सांधले, वैद्यकीय तपासण्या समाधानकारक आहेत. पण तेव्हापासून त्यांनी घराचा उंबरा ओलांडलेला नाही. ‘चला’ म्हटले की ‘काय करायचे आहे बाहेर?’ असे विचारतात. भूक मंदावली आहे, दुपारी झोप आणि रात्री जागरण असे उलटे चक्र सुरू झाले आहे. यावर एखादे टॉनिक सुचवावे, अशी त्यांची विनंती आहे.

ताई, टॉनिकाविषयी आपल्या डॉक्टरांशीच बोलावे. भूक व झोप बिघडण्यामागे एखादा आजार किंवा मनाची उदासीनता तर नाही ना, हेही त्यांच्याकडून पाहून घ्यावे. पण सासऱ्यांचा प्रश्न मला फार नेमका वाटतो. बाहेर काय करायचे आहे? ‘चालल्याने प्रकृती सुधारते’ हे उत्तर त्यांनी शंभरदा ऐकले असेल. पडण्याची भीती ज्याच्या मनात बसली आहे, त्याला प्रकृतीसाठी बाहेर पडणे म्हणजे प्रकृतीच धोक्यात घालणे वाटते. त्यांना हवे आहे काम. मोठे नको, पण रोजचे आणि त्यांचे स्वतःचे. म्हणून मी असे सुचवीन की त्यांना बाहेर नेऊच नये. खुर्ची खिडकीशी किंवा गॅलरीत ठेवावी, हाती मोबाइल द्यावा आणि खिडकीतून दिसणाऱ्या एकाच झाडाचे किंवा कोपऱ्याचे छायाचित्र दररोज सकाळी त्याच जागेवरून घेण्याची विनंती करावी. परगावच्या नातवंडाने ती विनंती केली, तर अधिक चांगले.

खिडकीला कमी लेखू नये. प्राग शहरात योसेफ सुडेक नावाचे एक छायाचित्रकार होऊन गेले. पहिल्या महायुद्धात त्यांनी उजवा हात गमावला होता. एका हाताने अवजड कॅमेरे हाताळत त्यांनी आयुष्यभर काम केले, आणि १९४० ते १९५४ या चौदा वर्षांत स्वतःच्या लहानशा स्टुडिओच्या खिडकीची छायाचित्रमालिका घडवली. काचेवरचे दव, पाण्याचे ओघळ, बाहेरचे एक वाकडे झाड, एवढाच विषय. आज जगभर ती चित्रे नावाजली जातात. वैद्यकाच्या बाजूनेही खिडकीला साक्ष आहे. रॉजर उलरिक या संशोधकाने १९८४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी तेवीस जणांच्या खोलीतून झाडे दिसत होती आणि तेवीस जणांना विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान आहे, त्यावरून कोणी झाडाला औषध म्हणू नये; पण पलंगाची दिशा बदलायला त्याहून मोठ्या पुराव्याची गरजही नाही.

रोज एकच जागा का? पंधरा दिवस ओळीने पाहिल्याशिवाय शरदातला बदल ध्यानात येत नाही, म्हणून. आश्विनाच्या आरंभी कंपाउंडच्या भिंतीपलीकडचे गवत हिरवेगार असते. मग त्याला तुरे येतात, तुऱ्यांवर तांबूस झाक चढते आणि दिवाळीपर्यंत सारा पट्टा सोनेरी होतो. एका दिवसाच्या चित्रात हे दिसत नाही. पंधरा चित्रे ओळीने सरकवली की ऋतू चालताना दिसतो. आणि दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. घरातील वृद्ध माणसाला दिवसभर प्रश्नच विचारले जातात: गोळी घेतली का, पोट साफ झाले का, दार नीट लावले का. त्याच्यापाशी सांगण्यासारखी बातमी नसते. रोज एक कोपरा पाहणाऱ्यापाशी मात्र ती असते. ‘आज तारेवर नवे पक्षी बसले होते’ असे जेवताना सांगणारे आजोबा आणि ‘मला नको वाढू’ म्हणणारे आजोबा, यांत अंतर आहे. हे अंतर कोणत्या तपासणीत दिसत नाही, घरातल्यांना मात्र दिसते.

खिडकीपाशी आठ-पंधरा दिवस गेले की बहुधा प्रश्नच बदलतो. ‘ते खाली पांढरे काय पडले आहे?’ असे विचारले गेले, की समजावे चप्पल काढून ठेवण्याची वेळ आली. पुण्यात आणि इतर अनेक शहरांत रस्त्याकडेला बुचाची उंच झाडे आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्यांना लांब दांड्यांची पांढरी फुले येतात, रात्री उमलतात आणि पहाटे खाली सडा पडलेला असतो. या फुलांच्या दांड्या इतक्या लांब की दोरा-सुईवाचून वेणी गुंफता येते. ज्या आजींनी शाळेच्या वाटेवर अशी वेणी घातली असेल, त्यांच्या ओंजळीत पाच-सात फुले ठेवून पाहावीत. बोटे आपसूक चालू लागतात. त्या बोटांचे छायाचित्र मला कोणत्याही डोंगरापेक्षा मोलाचे वाटते. पारिजातकाचेही तसेच. फुले जमिनीवरच असतात, त्यामुळे वाकण्याचा मोह होतो. वाकू नये. कोणाकडून तरी ओंजळभर उचलून आणावीत, स्टीलच्या ताटलीत ठेवावीत आणि खिडकीशी टेबलावर त्यांचे चित्र घ्यावे. केशरी देठ वर आला की चित्र उठून दिसते.

गावाकडे राहणाऱ्यांना तर दूर जायलाच नको. शेताच्या बांधावर कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे उभे असतात, नदीकाठी काशाचे पांढरे पिसारे वाऱ्यावर झुकत असतात. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर या दिवसांत केशरी कॉसमॉस फुलतो आणि त्यात उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी होते. दिसायला सुरेख, पण ते परदेशातून आलेले झुडूप आहे आणि आपल्या रानफुलांची जागा बळकावते, तेव्हा त्याच्यासाठी टेकडी चढण्याचे कष्ट ज्येष्ठांनी घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा मैदानावर हातभर उंचीवर घिरट्या घालणारे पिवळसर चतुर पाहावेत. पावसाबरोबर आलेले हे बोटभर कीटक शरदात परतीच्या वाऱ्यांवर स्वार होतात. चार्ल्स अँडरसन या अभ्यासकाने २००९ साली मांडले की भारतातून निघालेले हे चतुर ऑक्टोबरात मालदीव बेटांवर येतात आणि समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात. त्यांचे छायाचित्र काढणे तरुणांनाही कठीण असते, कारण ते क्षणभर स्थिर राहत नाहीत. ते नुसते पाहावेत. थंडीचे पाहुणे धोबी पक्षीही याच सुमारास येतात. सोसायटीच्या ओल्या अंगणात शेपटी वरखाली हलवत धावणारा पक्षी दिसला, तर तो बहुधा धोबीच.

आता वेळेविषयी. चरकसंहितेत शरदात वर्ज्य सांगितलेल्या गोष्टींत ऊन आहे आणि दवही आहे. उलट प्रशस्त म्हणून शरदातली फुले, स्वच्छ वस्त्रे आणि सायंकाळचे चांदणे सांगितले आहे. आयुर्वेद पूर्णपणे न मानणाऱ्यांनीही हा सल्ला ऐकण्यासारखा आहे. ऑक्टोबरचे ऊन फसवे असते. पाऊस संपलेला, ढग नाहीत, पारा सप्टेंबरपेक्षा चढलेला. या दिवसांत पुण्या-मुंबईकडे सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, नागपूरकडे त्याआधी सुमारे वीस मिनिटे. गवत थोडे सुकू द्यावे आणि साधारण सात ते साडेआठ हा वेळ धरावा. तेव्हा ऊन तिरपे असते, सावल्या लांब पडतात, गवताच्या तुऱ्यामागून आलेला प्रकाश त्याच्या कडा उजळतो. दुपारी तेच गवत सपाट आणि पांढुरके दिसते. म्हणजे चित्राला जी वेळ चांगली, तीच प्रकृतीलाही मानवते. सकाळच्या कोवळ्या उन्हातून भरपूर ‘ड’ जीवनसत्त्व मिळते, हा समज मात्र सोडून द्यावा. तिरप्या किरणांत ते घडवणारा भाग फार थोडा असतो. सकाळच्या उजेडाचा खरा लाभ झोपेला होतो. शरीरातील घड्याळ त्याने जागेवर येते, आणि रात्री जागणाऱ्यांसाठी हे थोडके नाही.

परतीच्या पावसाचे ढग दुपारनंतर जमतात. ते फार देखणे असतात, पण गडगडाट ऐकू आला की छायाचित्र सोडून घरात यावे. झाडाखाली तर थांबूच नये.

मोबाइल हाताळण्याच्या दोन-चार गोष्टी सांगतो. चित्र धूसर येते ते बहुधा डोळ्यांमुळे नव्हे, भिंगावर लागलेल्या बोटांच्या तेलामुळे. प्रत्येक वेळी मऊ सुती कापडाने भिंग पुसावे. एवढ्यानेच निम्मी तक्रार मिटते. फोन दोन्ही हातांत धरावा, कोपरे बरगड्यांना टेकवावीत. हात कापत असतील तर फोन कठड्यावर किंवा खुर्चीच्या पाठीवर टेकवावा आणि तीन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बटण दाबतानाचा हिसका चित्रात येत नाही. पडद्यावरचे गोल बटण सापडत नसेल, तर बहुतेक फोनमध्ये आवाजाचे बाजूचे बटण दाबूनही चित्र निघते. जे टिपायचे त्याच्यावर पडद्यावर बोट टेकवावे, म्हणजे फोन तिथेच लक्ष देतो. बोटांनी ओढून दृश्य मोठे करण्यापेक्षा साधे चित्र घ्यावे आणि नंतर घरी बसून हवा तेवढा भाग कापून घ्यावा. मोतीबिंदू असलेल्यांना निळे रंग मळकट आणि पांढरे पिवळसर दिसतात. ‘आकाश हल्ली पूर्वीसारखे निळे नसते’ अशी तक्रार कोणी वारंवार केली, तर ती हसण्यावारी नेऊ नये, डोळे तपासून घ्यावेत.

घराबाहेर पडताना एक नियम मात्र कडकपणे पाळावा. चालताना फोन खिशात, किंवा गळ्यातल्या दोरीला. थांबावे, पाय थोडे फाकून उभे राहावे, काठी कठड्याला टेकवावी, मग फोन हातात घ्यावा. चित्र पाहत मागे मागे सरकण्याची सवय तर फारच वाईट. पावसाळ्याचे शेवाळ सावलीतल्या फरशीवर अजून असते आणि वरून सुकलेले दिसते. दुहेरी चष्मा लावणाऱ्यांना पायरी उतरताना खालच्या भिंगातून ती पुसट दिसते, म्हणून तेथे कठडा धरावा. मान वर करून उंच झाड पाहताना ज्यांना गरगरते, त्यांनी बसूनच पाहावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना या उन्हात पाणी कमी पडते. सोबत पाण्याची बाटली असावी, आणि हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून घेण्यास सांगितले असेल, तर ते माप डॉक्टरांना विचारून ठरवावे. मधुमेहींनी इन्सुलिन वा गोळी घेऊन उपाशीपोटी निघू नये; खिशात साखरेची पुडी ठेवावी. दम्याचा त्रास असणाऱ्या काही जणांना सप्तपर्णीचा उग्र वास सोसत नाही. त्यांनी फुललेल्या सप्तपर्णीखालचा रस्ता टाळावा. डेंग्यूचे डास दिवसा चावतात आणि हा त्यांचाही मोसम आहे, तेव्हा पूर्ण बाह्या आणि पायमोजे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. ज्यांची स्मृती मंदावली आहे, त्यांच्यापुढे चित्र धरून ‘हे कोणते फूल, सांगा पाहू?’ असे विचारू नये. उत्तर आठवले नाही की मन खट्टू होते आणि पुढच्या वेळी ते चित्राकडे पाहतही नाहीत. ‘आज पारिजातक पडला होता, देठ किती केशरी होते’ असे आपणच सांगावे आणि थांबावे. पुढचे बोलणे येईल, किंवा येणार नाही. फोनमधील चित्रे त्यांना सापडत नाहीत, म्हणून पंधरवड्यातून पाच-सहा चित्रे निवडून फोटो स्टुडिओतून पोस्टकार्डाएवढ्या आकारात छापून घ्यावीत. मागे तारीख लिहावी. हातात धरता येणारी वस्तू हाताला कळते.

चित्रात स्वतःलाही कधीमधी घ्यावे. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली साठ ते नव्वद वर्षांच्या बावन्न जणांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटे चालायचे होते. निम्म्यांना नुसते चालण्यास सांगितले, उरलेल्यांना चालताना नवल वाटेल असे काही शोधण्यास. प्रत्येकाने फेरीत स्वतःचे छायाचित्रही घ्यायचे होते. नवल शोधणाऱ्यांच्या चित्रांत आठवडे सरले तसा एक बदल दिसला: त्यांचा स्वतःचा चेहरा चौकटीत लहान होत गेला, भोवतालचे दृश्य वाढत गेले, आणि चेहऱ्यावरचे हसू रुंदावले. रोजच्या जगण्यातील अस्वस्थताही त्यांनी तुलनेने कमी सांगितली. फेरी तीच, मिनिटेही तेवढीच होती. फक्त पाहण्याचे काम जोडले होते.

कोजागरीला अनेक जण चंद्राचे छायाचित्र घेतात आणि पडद्यावर पांढरा ठिपका पाहून निराश होतात. चंद्रावर ऊन पडलेले असते, भोवती मात्र काळोख. फोन काळोखाकडे पाहून उजेड वाढवतो आणि चंद्र जळून जातो. चंद्रावर बोट टेकवून पडद्यावरची उजेडाची पट्टी खाली ओढावी, डाग दिसू लागतात. ते जमले नाही तर चंद्र सोडावा आणि गच्चीवर पातेल्याभोवती बसलेल्या माणसांचे चित्र घ्यावे. ज्यांचे सहस्रचंद्रदर्शन झाले आहे, म्हणजे ज्यांनी साधारण ऐंशी वर्षे दहा महिन्यांत हजार पौर्णिमा पाहिल्या आहेत, त्यांना मधोमध बसवावे. खांद्यावर शाल असू द्यावी, कारण आता पहाटेपर्यंत दव पडते. गच्चीचा जिना उजळलेला असावा आणि उतरताना पुढे एक जण असावा. दूध मधुमेहींसाठी साखर न घालता वेगळे काढून ठेवावे, केशर आणि वेलदोडा घालून, अर्धी वाटी.